घशातली पिशवी: ऑपरेशन करावं की थांबावं?

धागाकर्ता: बाबा ७८ वर्षांचे आहेत, वर्षभर घास अडकतो म्हणत होते, शेवटी बेरियम पाजून एक्स-रे काढला तर घशाच्या मागे ३ सेंटीमीटरची पिशवी निघाली, झेंकर्स डायव्हर्टिक्युलम. सर्जन म्हणतात करून टाका, बाबा म्हणतात या वयात चिरफाड नको. मलाही थांबावंसं वाटतंय, बारीक चावून, मधे पाणी पिऊन जेवलं की जातंय खाली. वजन ४ किलो उतरलंय तेवढं.

प्रतिसाद १: तेवढं?? अहो तेच तर मुख्य आहे! आईचं आम्ही असंच "जातंय की" म्हणत दोन वर्षं काढली, सकाळी तिच्या उशीवर रात्रीच्या जेवणातले न पचलेले कण दिसायचे, मग तेच श्वासनळीत जाऊन दोनदा न्यूमोनिया. अन्ननलिकेच्या तोंडाशी जो स्नायू असतो तो नीट सैल पडत नाही, दाबाने वरचं अस्तर फुगून बाहेर येतं, त्यामुळे गोळ्यांनी ही पिशवी जात नाही.

प्रतिसाद २: मला हे पटत नाही. माझ्या काकांची दीड सेंटीमीटरची आहे, दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या तपासणीत सापडली, सहा वर्षं नुसती लक्ष ठेवून आहोत, काही त्रास नाही. ऑपरेशनमध्ये अन्ननलिकेला छिद्र पडून इन्फेक्शन छातीत उतरू शकतं, आवाजाची नस दुखावू शकते, आणि एवढं करून परत होऊ शकते ते वेगळंच. घाई कशाला.

प्रतिसाद १: काकांना त्रासच नाही, त्यांनी थांबणं बरोबरच आहे. इथे वजन उतरतंय हो. आणि चिरफाड म्हणजे दरवेळी गळ्यावर काप नसतो, तोंडातूनच दुर्बीण घालून पिशवी आणि अन्ननलिका यांच्यामधली भिंत कापतात, स्नायूही त्यातच मोकळा होतो. आईचं तसंच झालं. फक्त उपाशी ठेवलं तरी पिशवीत अन्न साचलेलं असू शकतं, भूल देणाऱ्या डॉक्टरांना हे आवर्जून सांगा.

प्रतिसाद २: त्रास असेल तर माझा विरोध नाही, पण हृदय, फुप्फुसं तपासल्याशिवाय हो म्हणू नका. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर तेही विचारा. आणि बाबांचं स्वतःचं मत डावलू नका.

धागाकर्ता: काल रात्री बाबांच्या शेजारी बसून राहिलो. कूस बदलली की गळ्यात गुडगुड होते आणि मागोमाग ठसका. रोजचंच झालंय म्हणून मी हे वर लिहिलंच नव्हतं. सकाळी त्यांना दुर्बिणीचं सांगितलं, म्हणाले गळा कापणार नसतील तर भेटू एकदा. भुलीच्या डॉक्टरांची वेळ घेतोय.