11 वर्षं वायरमन, आता सोलर शिकू का?

खेडचा वायरमन: लोटे एमआयडीसीत एका कंपनीत 11 वर्षं कंत्राटावर होतो. गणपतीनंतर कंत्राटदार बदलला, नव्यानं आपली पोरं आणली. वय 36. घरचे म्हणतात मुंबई गाठ. पण आई एकटी आहे, 40 कलमं आहेत. आजवर काम चालत आलं, मी कधी शोधलंच नाही, याचं मनापासून वाईट वाटतं. सोलरचं शिकू का?

चिपळूणचा काका: शीक रे बाबा. घराच्या छतावर सोलर बसवायची केंद्र सरकारची सूर्यघर योजना 2024 पासून आहे, 3 किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान मिळतं. मात्र काम नोंदणी असलेल्या व्हेंडरकडूनच, म्हणजे सोलर बसवून देणाऱ्याकडूनच, व्हावं लागतं. आधी वर्षभर अशाच कुणाच्या हाताखाली राहा. आणि वायरमनचा परवाना? मुदत संपलेली नाही ना?

गुहागरकर: मी सूर्यमित्रचा, म्हणजे सोलर बसवायला शिकवणारा सरकारी, 600 तासांचा कोर्स केला. पॅनल चढवणं येतं हो, आपल्याकडे खरा त्रास खाऱ्या वाऱ्याचा. माझं पहिलं काम समुद्राला लागून होतं. साधे नटबोल्ट वापरले, दोन पावसाळ्यांत गंजून लाल! पदरचे पैसे घालून सगळे स्टेनलेसचे बसवून दिले. पुढची तीन कामं त्याच घरानं मिळवून दिली. दादा, पावसाळ्यात काम थंडावतं, तेवढे चार महिने हाताशी वायरिंगची कामं धरून ठेव.

खेडचा वायरमन: परवाना आत्ताच काढून बघितला, मुदत मार्चपर्यंत आहे. काका, सोमवारी चिपळूणला येतो. तिथल्या दोन-तीन व्हेंडरना स्वतः भेटणार.