पेरोव्हस्काइट एलईडी: टक्के वाढवायचे की आयुष्य?

कुपवाडकर
पेरोव्हस्काइट एलईडी, म्हणजे शिसं आणि हॅलाइड (ब्रोमाइड, क्लोराइड वगैरे) असलेल्या स्फटिकाच्या पातळ थरातून उजेड देणारे दिवे, म्हटलं की जो तो टक्केच सांगत सुटतो. २०१४ साली केंब्रिजच्या गटानं हे दिवे साध्या तापमानाला पेटवले तेव्हा कार्यक्षमता, म्हणजे आत सोडलेल्या दर शंभर इलेक्ट्रॉनांमागे बाहेर पडणारे प्रकाशकण, एक टक्काही नव्हती. २०१८ मध्ये वीसच्या वर गेली. छान. पण मी एमआयडीसीत दिवे दुरुस्त करतो. गिऱ्हाईक टक्के विचारत नाही, वॉरंटी विचारतं. २०२२ मध्ये सोलच्या संशोधकांनी २८.९ टक्के गाठले, पण त्या प्रकारच्या दिव्याचा उजेड १००० निट्सवरून (निट हे उजेडाच्या तीव्रतेचं माप) ५२० तासांत निम्म्यावर. रोज बारा तास लावला तर दीड महिनाही नाही! टक्क्यांचा नाद सोडा, आधी टिकवून दाखवा.

विश्रामबागेतला_मास्तर
अहो, टक्के कमी पडणं आणि आयुष्य कमी असणं, दोन्हींचं दुखणं एकच आहे. स्फटिकात जिथं दोष, तिथं इलेक्ट्रॉन आणि होल (इलेक्ट्रॉनची रिकामी जागा) प्रकाश न देताच एकत्र येतात, नुसती उष्णता होते. हॅलाइडचे आयन (विद्युतभारित अणू) सरकतात तेही त्याच दोषांतून, आणि थर नासतो. म्हणून तर कणांच्या कडांवरचे उघडे शिशाचे अणू सेंद्रिय रेणूंनी झाकतात. टक्के वाढतात, आयुष्यही वाढतं.

कुपवाडकर
सगळेच टक्के तसे नसतात, मास्तर. थराचा अपवर्तनांक काचेपेक्षा जास्त, त्यामुळं बराच प्रकाश आतच अडकतो. पृष्ठभाग खडबडीत करून तो बाहेर काढला की आकडा फुगतो. आयन मात्र सरकायचे ते सरकतातच.

विश्रामबागेतला_मास्तर
सरकतात, पण कमी. तेवढ्याच उजेडाला आता कमी करंट पुरतो ना!

जतचा_ड्रॅगनवाला
काय ओ, आमी ड्रॅगनफ्रूटला बिगरहंगामी फुलं यावीत म्हणून रात्री बल्ब लावतो. यात शिसं आहे म्हणताय, मग पावसात बल्ब फुटला तर?

विश्रामबागेतला_मास्तर
थर एका मायक्रोमीटरपेक्षाही पातळ असतो, शिसं अगदी थोडं. तरी ते पाण्यात विरघळतं, त्यामुळं शंका रास्त आहे. शिशाऐवजी कथील वापरून बघतात, पण त्याचं लगेच ऑक्सिडीकरण होतं. खरं तर शेतातला बल्ब हे याचं गिऱ्हाईकच नव्हे. हिरव्या प्रकाशाच्या तरंगलांबीची पट्टी जेमतेम वीस नॅनोमीटर रुंद, इतका शुद्ध रंग टीव्हीच्या पडद्याला हवा.

कुपवाडकर
पडद्याला निळाही लागतो. ब्रोमाइडमध्ये क्लोराइड मिसळून निळा केला की करंट देताच दोन्ही वेगळे होतात आणि रंग हिरव्याकडे सरकतो. टीव्ही विकत घेताना निळं आभाळ, संध्याकाळी हिरवं. त्याची वॉरंटी कोण देणार?