कोकणात खऱ्या कामाची जुनी फोर बाय फोर: वापरणाऱ्यांचे अनुभव हवेत

धागाकर्ता (राजापूर)

मंडळी, जुनी फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकं ओढणारी गाडी, घ्यायची आहे. आमची आंबा-काजूची बाग मुख्य रस्त्यापासून बरीच खाली आहे. कच्ची वाट, मध्ये एक व्हाळ (ओढा) आणि शेवटी उभा चढ. मे महिन्यात कुठलीही गाडी जाते. मिरग लागला की मोटारसायकलसुद्धा वरच ठेवावी लागते. वडील सत्तरी ओलांडलेले, पण बागेत गेल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. बजेट पाच-सहा लाख. नव्याचा विचार सोडला आहे, कारण जिम्नी २०२३ मध्ये आली तेव्हाच १२.७४ लाखांपासून होती, तीही शोरूमची किंमत. जुनी कुठली घ्यावी, बघताना काय बघावं, नंतर खर्च कुठे निघतो, हे ज्यांनी कोकणात गाडी वापरली आहे त्यांच्याकडून ऐकायचं आहे. लडाखचे व्हिडिओ भरपूर बघून झालेत.

कातळावरचा (देवगड)

आधी मेजरिंग टेप घेऊन वाटेत उतरा, गाडीचं नाव मग ठरवा. आमची वाट दोन गडग्यांच्या (दगडी कुंपणांच्या) मधून जाते आणि अरुंद जागी सहा फुटांनाही दोन बोटं कमी भरते. नवी थार १८२० मिलिमीटर रुंद आहे, म्हणजे तिचा विषय तिथेच संपला. डस्टरही तेवढीच. जुनी थार १७२६, आरसे मिटून जाते, पण दर वेळी कोणीतरी उतरून हात दाखवायला लागतो. जिप्सी १५४०. म्हणून आमच्याकडे जिप्सी.

वजन टनाच्या आतबाहेर असल्यामुळे लाल चिखलात ती जड गाड्यांसारखी रुतत नाही, आणि रुतलीच तर बागेतले चार गडी ढकलून काढतात. घ्यायची तर २००० नंतरची एमपीएफआय (फ्युएल इंजेक्शनवाली) बघा, कार्ब्युरेटरवाली नको. आता उलटी बाजू. चारही चाकांना स्प्रिंगचे पाटे, त्यामुळे रिकामी गाडी टणाटण उडते. पेट्रोल पिते, लिटरला नऊ-दहाच्या वर अपेक्षा ठेवू नका. हूड कितीही चांगलं शिवून घ्या, आपल्या पावसात कुठून तरी ठिपकतंच. वडिलांना मागच्या आडव्या बाकावर अजिबात बसवू नका. पुढे बसायलाही पायरी उंच पडते. आमच्या तीर्थरूपांसाठी फणसाच्या लाकडाचं छोटं स्टूल कायम गाडीत असतं.

ठाणे ते गुहागर

माझा वापर वेगळा आहे. बहुतेक वाट महामार्ग आणि शेवटचा थोडा वाईट तुकडा. त्यासाठी डस्टर एडब्ल्यूडी, म्हणजे चारही चाकं ओढणारी. २०१४ मध्ये आली, दीड लिटर डिझेल, मागे स्वतंत्र सस्पेन्शन. घाटात आईच्या कमरेला त्रास होत नाही आणि पंधराच्या आसपास ॲव्हरेज मिळतं. लो रेशो (चढासाठीचा जादा हळू, ताकदीचा गिअर) नाही, पण पहिला गिअर इतका छोटा आहे की चढाला भागतं. डिकीवर 'एडब्ल्यूडी' लिहिलेलं आहे म्हणून पैसे देऊ नका, खाली वाकून मागच्या डिफरन्शियलला (ॲक्सलच्या मधल्या गिअरांच्या गोळ्याला) शाफ्ट जातो का ते बघा. साध्या डस्टरवर स्टिकर चिकटवलेला मी पाहिला आहे. तुमच्या व्हाळात दगडगोटे मोठे असतील तर मात्र ही गाडी नको.

पाना-हातोडी (रत्नागिरी)

मी गॅरेजवाला, त्यामुळे गाडीच्या वरच्या अंगापेक्षा खालचं अंग जास्त बघतो. किनाऱ्याच्या गाडीत इंजिन शेवटी बघायचं. आधी चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा.

लहान हातोडी घेऊन जा. मागच्या पाट्यांचे हँगर चासीला जिथे बसतात तिथे, आणि मागच्या चाकांवर चासी जिथे वर वळते तिथे हलके ठोके मारा. निकोप लोखंड टणकन वाजतं. आवाज भद्द आला की आतून पोकळ समजा. असं होतं कारण चासीचा डबा आतून पोकळ असतो, पाणी निघायला खाली भोकं असतात, आणि आपली लाल माती नेमकी ती भोकं बुजवते. मग खारट ओल आत वर्षभर बसून राहते. बाहेरून रंग शाबूत आणि आत पापुद्रे. भोकात तार घालून फिरवा, काय बाहेर पडतं ते बघा. कोरडी माती पडली तर ठीक. गंजाचे तुकडे पडायला लागले तर गाडीवाल्याला नमस्कार करून घरी या. खाली ताजा काळा रंग फासलेला दिसला तर ठोके दुप्पट मारा.

फोर बाय फोरचं. विकणारा हमखास म्हणतो, 'भाऊ, फोर बाय फोर कधी टाकलीच नाही, एकदम कोरी आहे.' न वापरलेल्या ट्रान्स्फर केसचा (पुढच्या चाकांकडे ताकद वळवणाऱ्या पेटीचा) लिव्हर जाम होतो, आतलं ऑइल वर्षानुवर्षं कोणी बदललेलं नसतं. मोकळ्या मातीत किंवा पावसाळी मैदानात नेऊन लो टाका, हळू चालवा, वळवा, पुढची चाकं खरंच ओढतात का ते बाहेर उभ्या माणसाला बघायला सांगा. डांबरावर हा प्रयोग करू नका. जिप्सी, थार, गुरखा यांत पुढचा आणि मागचा ॲक्सल एकमेकांना बांधला जातो. वळताना पुढच्या चाकांना जास्त अंतर कापायचं असतं, मातीत ती घसरून जुळवून घेतात, डांबरावर तो सगळा ताण शाफ्टच्या क्रॉसवर (सांध्यावर) आणि गिअरांवर येतो. मग डिफरन्शियलचा फिलर बोल्ट उघडून बोट घाला. ऑइल दुधाळ दिसलं तर पाणी आत गेलेलं आहे. ती गाडी व्हाळात पोहलेली आहे, मालक काहीही सांगो.

जुनी थार घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट. २०१० पासून डीआय आणि सीआरडीई अशा दोन डिझेल इंजिनांच्या जाती आल्या. डीआयमध्ये टू व्हील ड्राइव्हही येत होती आणि लांबून दोन्ही सारख्याच दिसतात. सीआरडीई अडीच लिटरची, १०५ हॉर्सपॉवर. २०१५ च्या बदलानंतर तिच्या मागच्या ॲक्सलला लॉकिंग डिफरन्शियल आलं. एक मागचं चाक हवेत गेलं तरी दुसरं ओढतं. व्हाळ ओलांडणाऱ्याने तीच शोधावी.

दांडीच्या किनाऱ्यावरून (मालवण)

माका इचारशात तर हंयची गाडी घेवच नको. स्वस्तात गावता, पण खारो वारो आसा, पत्रो टिकणा नाय. घाटावरची गाडी घेवा, कोल्हापूर, बेळगाव, कराड. दोन पैसे जास्त गेले तरी चलतीत. आणि हाडल्यार दरवर्षी मे महिन्यात खालसून जळका ऑइल मारून घेवा, फकत ब्रेकार आणि रबराच्या बुशार उडवू नको. मी तसाच करतंय.

चिपळूणकर

मालवणच्या भाऊंचं बरोबर, पण घाटावरच्या गाडीलाही पूर माहीत आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूर पाण्यात होतं. आमच्याकडे २२ जुलै २०२१. त्या दिवशी बुडालेल्या गाड्या नंतर धुऊनपुसून कुठे कुठे गेल्या कोण जाणे. एका दलालाने मला दाखवलेल्या गाडीचं सीट कव्हर नवं, कार्पेट नवं, आत अत्तराचा घमघमाट. मी ड्रायव्हरचा सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढला. एरवी कोणी तेवढा ओढत नाही. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर गाळाची तपकिरी रेघ सरळ आखल्यासारखी होती. दलाल म्हणाला, चहा सांडला असेल. सीटखालच्या नटबोल्टांवरचा गंज, फ्यूजबॉक्सच्या कोपऱ्यातली माती आणि हेडलाइटच्या आतला डागही बघा. विमा कंपनीकडे क्लेम झाला होता का, तेही विचारून घ्या.

गुरांची डॉक्टर (मंडणगड)

सगळे फोर बाय फोरच्याच मागे लागलेत म्हणून लिहिते. मी पाऊस असो, वादळ असो, वाड्यावस्त्यांवर जाते, आणि माझ्याकडे साधी बोलेरो आहे, मागच्या चाकांवर चालणारी. मागे औषधांची पेटी आणि वाळूची दोन पोती, म्हणजे चाकांवर वजन राहतं. पुढच्या दोन नव्हे, चारही टायरांची नक्षी खोल ठेवते. गाडी अडण्याचे प्रसंग येतात, पण ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यासाठी उरलेलं वर्षभर जास्तीचं डिझेल, जास्तीचे क्रॉस आणि दुसऱ्या डिफरन्शियलचं ऑइल कोण पोसणार? बोलेरोचा पार्ट तालुक्याच्या दुकानात मिळतो आणि कुठलाही मिस्त्री ती डोळे मिटून उघडतो.

निसर्ग वादळ ३ जून २०२० ला आलं, तेव्हा या भागातले रस्ते झाडांनी बंद झाले होते. चारही चाकं ओढणाऱ्या गाड्या घरासमोर उभ्या होत्या. उपयोगाला आली ती करवत, कोयता आणि जाड दोर.

दादा, तुमच्या चढाला चाकांच्या रेषेत जांभ्या चिऱ्यांच्या दोन पट्ट्या घाला आणि व्हाळावर सिमेंटचे पाइप टाकून मोरी करा. गाडीच्या बजेटमधला लाख-दीड लाख त्यात घाला, उरलेल्यात चांगली बोलेरो येईल.

धागाकर्ता

ताई, हा विचार आम्ही आधी केला होता. वाट सामाईक आहे. निम्मी भावकी मुंबईत, एक घर बडोद्याला, आणि दोन चुलत्यांचं एकमेकांशी बोलणं नाही. चिरे घालायचे म्हटलं की सातबारा बाहेर निघतो. फोर बाय फोर त्यापेक्षा स्वस्त पडेल!

गुरांची डॉक्टर (मंडणगड)

हे मात्र खरं. थार घ्या.

कागदवाला (सावंतवाडी)

गाडीइतकेच कागद बघा. पंधरा वर्षं झालेल्या खासगी गाडीची नोंदणी पुन्हा करून घ्यावी लागते, पासिंग होतं, पर्यावरण कर भरावा लागतो आणि पुढे पाच वर्षांची मुदत मिळते. एप्रिल २०२२ पासून चारचाकीसाठी नूतनीकरणाचंच शुल्क ५००० झालं, आधी ६०० होतं. म्हणजे चौदा वर्षांची गाडी 'स्वस्त' मिळाली तर तो खर्च तुमच्या माथी येणार आहे, भाव करताना धरा.

दिल्लीकडच्या गाड्या मोहात पाडतात. तिथे दहा वर्षांवरचं डिझेल चालवण्यावर निर्बंध आले, त्यामुळे ते बाहेर स्वस्त विकलं जाऊ लागलं, आणि तिकडे समुद्राचा खार नसल्याने पत्रा छान असतो. पण तिथल्या आरटीओची एनओसी हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका, आणि महाराष्ट्राचा एकरकमी कर इथे नव्याने भरावा लागतो. तो मिळवला की दिल्लीची गाडी कोल्हापूरच्या भावाला येऊन टेकते.

लष्कराच्या लिलावातली जिप्सी कोणी देऊ केली तर ती आरटीओत खासगी नावावर चढलेली आहे का एवढंच विचारा. 'होऊन जाईल' हे उत्तर चालत नाही. बोलेरो कॅम्पर पिकअप घेणार असाल तर ती मालवाहू नोंदणीची, पिवळी पाटी, आठ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेस. कर्जावरची गाडी असेल तर बँकेचं फॉर्म ३५ (कर्जाचा बोजा उतरवण्याचा) आणि ना-हरकत पत्र घ्या. विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्या. हे राहतं, आणि अपघात झाला की आठवतं.

हर्णै बंदर

एकच विनंती. गाडी घेतल्यावर पुळणीवर (किनाऱ्याच्या वाळूत) घालू नका. बंदी आहे, गुन्हा दाखल होतो, आणि भरती कुणाची वाट बघत नाही. दर मोसमात पाहुण्यांच्या गाड्या आमच्या ट्रॅक्टरने ओढून काढाव्या लागतात. त्यात फोर बाय फोरवालेच जास्त, कारण साध्या गाडीवाला मुळात घाबरून आत जात नाही. रुतल्यावर ॲक्सिलरेटर दाबत राहतात आणि चाकं पोटापर्यंत खाली जातात. टायरची हवा पंधरा-अठरावर आणा म्हटलं तर पंप नाही म्हणतात. हवा कमी करणं तुमच्या चिखलाच्या वाटेवरही कामाला येईल, म्हणून बारा व्होल्टचा पंप आधी घ्या, छपरावरचे दिवे नंतर. फेरीबोटीच्या धक्क्यावर भरतीचं पाणी चाकांना लागतं, घरी गेल्यावर खालून गोड्या पाण्याने धुवा.

खाडीपलीकडे (वेंगुर्ला)

गुरखाचं कोणी लिहिलं नाही. पुढे-मागे दोन्हीकडे डिफरन्शियल लॉक, ही गोष्ट या किमतीत दुसरीकडे नाही. माझ्याकडे जुनी २.६ लिटरची आहे. चढ कसाही असो, चालत्या माणसाच्या वेगाने निघून जाते. महामार्गावर मात्र ऐंशीच्या पुढे कान किटतात. पार्ट मिळतात, पण मागवावे लागतात, दोन-तीन दिवस थांबायची तयारी हवी. रोज मुंबई करणाऱ्याने घेऊ नये. बाग आणि बाजार एवढंच असेल तर विचार करा.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. वाट मोजली, अरुंद जागी सहा फूट एक इंच भरली. कोल्हापूरला २०१६ ची थार सीआरडीई आहे, एकच मालक, चासीचा फोटो पाठवलाय, ठीक दिसतो. सांगतात पाच-ऐंशी (पाच लाख ऐंशी हजार). टायर 'नवेच' म्हणतात. पाना-हातोडी भाऊ, सोबत याल का? येण्याजाण्याचा खर्च आणि तुमची मजुरी देईन.

पाना-हातोडी (रत्नागिरी)

फोटोत ठोका मारता येत नाही, येतो. टायरच्या कडेला चार आकडे असतात, तेवढे त्यांच्याकडून मागवून घ्या. २३१९ असेल तर २०१९ चा तेविसावा आठवडा, मग नक्षी कितीही दिसू दे, चार टायरांचे पैसे भावातून काढायचे. आणि त्यांना सांगून ठेवा की आम्ही यायच्या आधी गाडी चालू करायची नाही. बॉनेटला हात लावून बघणार, गरम लागलं तर थंड होईपर्यंत थांबणार. थंड इंजिन पहिल्या सेल्फला कसं उठतं, निळा धूर टाकतं का आणि ऑइलचं झाकण उघडल्यावर बॅक कॉम्प्रेशन (आतून येणारा वाफ-धुराचा झोत) किती मारतं, यावर पाच-ऐंशीचे किती करायचे ते ठरेल. रविवारी पहाटे आंबा घाटाने निघू.