मदत हवी आहे: चामडं तासायच्या सुरीची धार टिकत नाही

नमस्कार मंडळी. हाताने पुस्तकबांधणी शिकतेय. फर्मे (घडी घातलेल्या पानांचे गठ्ठे) शिवणं, कण्याला गोलाई देणं, पुठ्ठे बसवणं इथवर जमतंय. गाडी अडलीय ती चामड्यापाशी.

पुठ्ठ्यावरून आत दुमडायची कड बरीच पातळ तासावी लागते, नाहीतर वर अस्तराचा कागद चिकटवला की उंचवटा उठून दिसतो. चामडं बकरीचं, वनस्पतीजन्य पद्धतीने कमावलेलं. सुरीला एकाच बाजूने उतार, दुसरी बाजू सपाट. १००० नंबरच्या, मध्यम कणांच्या पाणदगडावर (पाणी लावून धार करायचा दगड) सपाट बाजूला नखाला अडकेल अशी बारीक कड वळेपर्यंत घासते, मग त्याहून बारीक ४००० वर ती काढते आणि शेवटी हिरवी पॉलिशची पेस्ट लावलेल्या चामडी पट्ट्यावर फिरवते. सुरुवातीला चामड्याची साल कांद्याच्या पापुद्र्यासारखी निघते. एका पुस्तकाच्या चारही कडा व्हायच्या आत मात्र सुरी चामडं कापायऐवजी ओढायला लागते, आणि नेमकं कोपऱ्यावर भोक पडतं!

उतार साधारण १५ अंशांचा आहे. तो २० वर न्यावा, की टोकाशीच जरासा जास्त कोन द्यावा? पट्टा मऊ असल्याने धार गोल होत असेल का? लाकडी फळीवर घट्ट चिकटवलेला पट्टा कुणी वापरता का? दगड मध्ये खोल झालेला नाही, तो घासून सपाट करते. महागडी सुरी घ्या हा सल्ला तूर्त नको. याच सुरीचं काय करता येईल ते सांगा. आणि तासताना खाली काच ठेवता की संगमरवर?