मुलीची मुंज: कुणी केली आहे का?

कृष्णाकाठ: धाकट्याची मुंज वैशाखात ठरली आहे. थोरली लेक दहा वर्षांची. आजोबांजवळ बसून तिचं अथर्वशीर्ष आणि पुरुषसूक्त पाठ झालंय. परवा तिनं विचारलं, "आई, मग माझी का नाही?" मला उत्तर देता आलं नाही. गुरुजी म्हणाले, मुलींना विवाह हेच उपनयन. सासूबाई मात्र तयार आहेत. शास्त्रात काही आधार आहे का? आणि विधी कसा करतात?

जुनी पोथी: गुरुजी सांगतात ते मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात आहे. पण हारीत या स्मृतिकारानं स्त्रियांचे दोन प्रकार सांगितलेत, वेद शिकणारी ब्रह्मवादिनी आणि थेट लग्न करणारी सद्योवधू. ब्रह्मवादिनीला उपनयन, अग्निसेवा, वेदाध्ययन आणि स्वतःच्याच घरी भिक्षा. यम नावाच्या स्मृतिकाराचं वचनही आहे, 'पुराकल्पे कुमारीणां मौञ्जीबन्धनमिष्यते', म्हणजे पूर्वीच्या काळी मुलींची मुंज होत असे. विरोध करणारे त्यातल्या 'पुराकल्पे'वर, म्हणजे 'पूर्वीच्या काळी'वर, बोट ठेवतात, त्याची तयारी ठेवा. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासात ही दोन्ही वचनं आहेत. गुरुजींशी भांडू नका, ते पान उघडून समोर ठेवा.

नातीची आजी: आम्ही पुण्यात नातीची केली. ज्ञानप्रबोधिनी संस्थेकडे मुलींच्या मुंजी होतात, पौरोहित्याला बायकाही असतात. केस काढले नाहीत, लंगोटीचा प्रश्नच नव्हता. खणाचं परकर-पोलकं, त्यावर मेखला आणि जानवं. बाकी सगळं मुलासारखंच. उपरण्याखाली बापानं कानात गायत्री सांगितली तेव्हा त्याचाच आवाज कापत होता. यमानं मुलीला शिकवायला बाप, काका नाहीतर भाऊ सांगितलाय, ते मला फार आवडतं. माझ्या आईला देवघरात मोठ्यानं मंत्र म्हणायची मुभा नव्हती. भिक्षावळीत पहिला लाडू मी घातला आणि मला रडू आवरेना.

नात्यातली दोन घरं आली नाहीत. वाईट वाटलं, पण थांबलो नाही. एक मात्र करा, रोज संध्येला बसवणारं माणूस आधी ठरवा. आमच्याकडे सकाळी साडेसहाला मी बसते.

कृष्णाकाठ: पाळी सुरू झाल्यावर जानव्याचं काय, हे सासूबाईंनी विचारलंय.

नातीची आजी: आम्ही उतरवलं नाही. त्या दिवसांतही ती माझ्याशेजारी बसूनच गायत्री म्हणते.

कृष्णाकाठ: आजी, फार आधार वाटला. दोघांची एकाच मांडवात करतोय. मातृभोजनाला दोघांना माझ्याच ताटात घेऊ ना?

नातीची आजी: एकाच ताटात घ्या. एक डावीकडे, एक उजवीकडे. आणि थोरलीला पहिला घास.