विषय: ऐरोलीला जाऊ की नको?

सोमवार, रात्री ३.१० (ठाणे)

मंडळी, नमस्कार.

वेळ बघून कळलंच असेल की झोपलेली नाही. तुमच्याकडे नेदरलँड्समध्ये, आमस्टेलव्हेनला अजून पावणेबाराच, म्हणजे आपल्या मराठी मंडळातलं कुणीतरी जागं असेल या आशेवर लिहितेय.

बाळंतपणाला माहेरी आले ती अजून नौपाड्यातच आहे. लेक साडेतीन महिन्यांची. तिचा पासपोर्ट हातात आलाय, व्हिसा यायचाय, तेव्हा गणपती इथेच. बाहेर पाऊस, घरात दोऱ्यांवर लंगोट. धुरीचा वास आता माझ्या केसांतून जाणार नाही.

प्रश्न असा. दिवस राहिल्यापासून मी ठाणे-नवी मुंबईतल्या काही आयांचे ब्लॉग वाचते. मराठीत लिहितात, छान लिहितात. मग मीही लिहू लागले: शेपूची भाजी, शेक-शेगडी, आईचं आणि माझं भांडण वगैरे. रात्री-अपरात्री एकमेकींना प्रतिसाद देऊन ओळख झाली. आता शनिवारी त्या सगळ्या ऐरोलीत एकीच्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये जमणार आहेत, मुलांसकट. आई म्हणते, "ओळख ना पाळख, तान्हं घेऊन कुठे निघालीस?" मी म्हणते ओळख आहे. पण खरं सांगायचं तर त्यांची ओळख आहे ती मी लिहिते त्या बाईशी, आणि ती माझ्यापेक्षा बरीच आनंदी आहे.

जाऊ का? आणि जायचं तर पावसात कसं?

तुमची,
नौपाड्यातली बाळंतीण

---

सोमवार, सकाळी ८.२० (आमस्टेलव्हेन)

अगं, सव्वा महिना कधीच उलटला, आता कसली विचारतेस? जा!

१९८६ साली मी ठाण्यात चरईतल्या वाड्यात बाळंतपणाला होते. एकाच वेळी पाच बाळंतिणी. भेट ठरवायला लागायचीच नाही. धुणं वाळत घालायला गॅलरीत आलं की समोरचीला विचारायचं, "तुझा रात्री रडला का गं?" तुमचं ते लिहिणं म्हणजे आमची गॅलरीच. फक्त आम्हाला समोरचीचे डोळे सुजलेले दिसायचे.

मनगटात वेखंडाचा मणी बांध आणि निघताना मधात वेखंड उगाळून बोटभर चाटव, प्रवासात पोट धरणार नाही.

काकू (माजी खजिनदार, हिशेब अजून माझ्याचकडे आहे)

---

सोमवार, सकाळी ९.०५

काकू, मणी चालेल (दोरा घट्ट नको आणि तोंडात जायला नको), पण मध नको. वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात द्यायचा नाही, बोटभरसुद्धा नाही. त्यात बोट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांचं आतडं ते निभावून नेतं, तान्ह्याचं नेत नाही. आपल्या आज्यांनी दिला, मुलं जगली, हे मला माहीत आहे. तरीही नको.

मंडळातला बालरोगवाला

---

सोमवार, दुपारी (खारघर)

मी तीन वर्षांपूर्वी तुम्हाला टाटा करून इकडे आले, तरी मंडळाच्या यादीतून नाव काढलेलं नाही, त्याचा आज उपयोग.

बाबागाडी मुळीच नेऊ नकोस. नौपाड्याकडून स्टेशनात शिरलीस की एक नंबर प्लॅटफॉर्मला असशील आणि ट्रान्सहार्बर, म्हणजे ऐरोलीकडे जाणारी लोकल, सुटते पार पलीकडून, नऊ-दहावरून. मधे अख्खा पूल. बाळ अंगाला बांध, छत्री आईच्या हातात दे. गाडी ठाण्यातूनच सुटते, त्यामुळे लेडीजमध्ये खिडकी मिळते. पूर्वी ऐरोली पहिलंच स्टेशन होतं, २०२४ पासून मधे दिघा गाव आलंय, घाईत तिथे उतरू नकोस.

---

रविवार, पहाटे ४.३० (ठाणे)

मंडळी, जाऊन आले.

आधी वाटलं होतं रहित करावं लागणार. गुरुवारी १४ आठवड्यांची लस झाली, शुक्रवारी रात्री लेक तापाने फणफणली. शनिवारी सकाळी ताप उतरला आणि मी नको म्हणायच्या आत आईच चप्पल घालून दारात उभी. पिशवीत तीन लंगोट, चार दुपटी, एक गोधडी आणि माझ्यासाठी अळिवाचे लाडू. ऐरोली गाठायला जेमतेम दहा मिनिटं, पण तयारी काशीयात्रेची.

गाडीत क्लिपा विकणाऱ्या बाईने बाळाकडे बघून आईला झापलं, "टोपरं काढा आधी, उकडतंय तिला!" आईने निमूट काढलं. मी तेच गेले तीन महिने सांगतेय.

क्लबहाउसमध्ये टेबल टेनिसचं टेबल भिंतीला सरकवून चटया घातल्या होत्या. सात बायका, आठ मुलं (एकीला जुळी). कुणीच कुणाला ओळखेना. मग नावांऐवजी सुरू झालं, "तुम्ही शेपूवाल्या ना?" "आणि तुम्ही सासूच्या घुटीवाल्या!" मला वाटत होतं आपण लिहिलेलं कुणी वाचत नाही. इथे माझ्या आईला एकीने विचारलं, "शेगडीवरून भांडण मिटलं का?" आईने माझ्याकडे जे बघितलं, ते मी इथे लिहीत नाही.

एकीचं झोपेचं वेळापत्रक मी छापून कपाटाला लावलं होतं. सात वाजता अंघोळ, साडेसातला अंधार, आठला झोप. तिचा मुलगा दोन वर्षांचा आहे आणि अजून सासूबाईंच्या लुगड्याच्या झोळीशिवाय झोपत नाही. तिनेच हसत सांगितलं. मला मात्र राग आला, खोटं कशाला सांगू. ते वेळापत्रक जमत नाही म्हणून मी दोन रात्री रडले होते.

नवऱ्याने पाठवलेला 'माउशेस'चा डबा मी नेला होता. तुम्हाला माहीतच आहे, बाळ झालं की डच लोक बिस्किटाला लोणी फासून त्यावर हे निळे किंवा गुलाबी दाणे पेरतात. आत बडीशेपेच्या कुळातलं अनीस असतं आणि त्याने दूध येतं असा त्यांचाही समज. हे सांगितल्यावर जुळ्यांची आई म्हणाली, "म्हणजे साखर लावलेल्या बाळंतशेपाच की!"

आता खरी गोष्ट. एकीने कुठल्याशा कंपनीकडून आलेल्या भेटपिशव्या वाटायला आणल्या होत्या. ओले रुमाल, दात येताना चावायचं खेळणं, आणि सहा महिन्यांवरच्या बाळांच्या खाऊची लहान पाकिटं. यजमानीणबाईंनी पिशव्या उघडून पाकिटं बाजूला काढली. त्या फक्त अंगावरच्या दुधाबद्दल लिहितात, जरा कडक लिहितात. म्हणाल्या, १९९२ चा कायदा आहे, २००३ मध्ये तो आणखी घट्ट केलाय. दोन वर्षांखालच्या मुलांची दुधाची पावडर, बाटली, खाऊ यांची जाहिरात करायची नाही आणि फुकट नमुने वाटायचे नाहीत. "आपण वाटले तर आपण कंपनीचे सेल्समन."

बरोबरच बोलल्या. पण माझ्या पिशवीत, अळिवाच्या लाडवांखाली, पावडरचा डबा होता.

हे मी कुठे लिहिलेलं नाही. दूध कमी पडलं, वजन वाढेना, डॉक्टरांनी वरचं सुरू करायला सांगितलं. शेपूवर दोन पानं लिहिली, डब्यावर एक ओळ नाही. आणि नेमकी तेव्हाच लेक भुकेने रडायला लागली. मी भिंतीकडे तोंड करून कोपऱ्यात बसले, थर्मास शोधायला लागले, तर तो घरीच राहिलेला. (चार दुपटी आठवली, थर्मास नाही.)

यजमानीणबाई मागून आल्या. डब्याकडे बघितलं. वर जाऊन उकळतं पाणी घेऊन आल्या, मोजून चमचे घातले, ढवळलं, वाटी थंड पाण्यात धरून कोमट केलं आणि मनगटावर थेंब टाकून बघितला. मी काहीतरी सांगायला लागले तर म्हणाल्या, "अहो, कायदा विकणाऱ्याला आहे, पाजणारीला नाही." मग माझ्या हातून लेक घेतली आणि स्वतःच वाटी-चमच्याने पाजायला बसल्या.

माझे दोन्ही हात एकदम रिकामे. काय करावं सुचेना. पुढ्यात उकडलेल्या शेंगांची परात होती. शेंग सोलायला दोन्ही हात लागतात, म्हणून साडेतीन महिन्यांत मी एकही खाल्ली नव्हती. शिवाय आईच्या मते बाळंतिणीला वातूळ. मी परातीजवळ बसले आणि टरफलांचा ढीग लागेपर्यंत खाल्ल्या. आई बघत होती. काही बोलली नाही. थोड्या वेळाने तीही खायला लागली.

पुढची भेट महिन्याने, इथे ठाण्यात तलावपाळीजवळ, पाऊस थांबला तर.

---

रविवार, सकाळी १० (आमस्टेलव्हेन)

शेंगांनी पोरीचं पोट दुखलं का, ते लिहिलंच नाहीस.

आणि त्या भेटपिशव्यांवरून आठवलं. माझ्या नातीची झबली आणि एक कुंची इथे पेटीत पडून आहेत. धुऊन धुऊन मऊसूत झालीत. बाळंतविडा कोरा नसावाच, कोरं कापड तान्ह्याला टोचतं. पहिल्या दिवसांना उशीर झाला, पण कुंची अजून होईल. इथून ठाण्याकडे कोण निघतंय? पाव किलोसुद्धा वजन नाही.

काकू

---

रविवार, सकाळी १०.२५

पोट दुखलं, पण आईचं. लेक ठणठणीत.

कुंची हवी, काकू. डोकं मोठं आहे तिचं, मापाची काळजी नको.

नौपाड्यातली

---

रविवार, सकाळी ११.४०

मी १२ तारखेला मुंबईला जातोय, उतरणार घोडबंदर रोडला बहिणीकडे. कपडे नेतो. येताना त्या बाजूने थालीपिठाची भाजणी मिळेल का? एक किलो. दोन असेल तर दोन.

बालरोगवाला