रिसेप्शनला वाइन-बिअर ठेवलीत का? खिशाला झेपेल असं कसं जमवलंत? (नाशिककरांनो, अनुभव लिहा)

मखमलाबादची मावशी
काल भाचीचा फोन आला. फेब्रुवारीत लग्न, रिसेप्शन गंगापूर रोडच्या लॉन्सवर. तिला वाइन-बिअरचा छोटा काउंटर हवाय. ऐकलं आणि धाकट्या दिरांचं रिसेप्शन डोळ्यांसमोर उभं राहिलं. तेव्हा आमच्या घरात हा विषय काढायचीही सोय नव्हती. मग काय, पार्किंगमध्ये डिक्या उघडल्या. प्लास्टिकचे ग्लास, कोमट पाणी, कडक व्हिस्की आणि तीही रिकाम्या पोटी. फोटोला हाक मारली तर अर्धे मित्र गायब, जे आले त्यांना स्टेजची पायरी चढवेना. सासूबाई रडल्या हो त्या रात्री. तेव्हापासून माझं ठाम मत आहे, ठेवायची तर उघड, मोजकी आणि जेवणासोबत ठेवावी.
पोरीचे वडील नाहीत. दोघं आपापल्या पगारातून सगळं करतायत. पाहुणे तीनशे, घेणारे साठ-सत्तर. बाटल्या किती, परवाना कसा, लॉन्सवाले काय म्हणतात, सगळं सांगा.

सिडकोकर
आधी परवाना!! राज्य उत्पादन शुल्क खात्याचा (एक्साइजचा) एक दिवसाचा परवाना मिळतो, अर्ज ऑनलाइन करता येतो. जागा, तारीख, वेळ लिहावी लागते. लॉन्सवाल्याचं संमतीपत्र आधीच घेऊन ठेवा. आमच्याकडे ऐन वेळी एक्साइजचे लोक आले, कागद बघितला, पाच मिनिटांत गेले. कागद नसता तर नवऱ्या मुलाला वरातीऐवजी चौकीत जावं लागलं असतं.

द्राक्षवाली, दिंडोरी
मावशी, नाशिकमध्ये राहून व्हिस्कीवर कशाला खर्च करायचा? २००१ ला राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं तेव्हापासून इथल्या वाइनला करात सवलत मिळत आलीये. उलट विदेशी मद्यावरचं शुल्क २०२५ च्या जूनमध्ये चांगलंच वाढवलंय, व्हिस्कीचं बिल बघून घाम फुटेल.
हिशोब असा धरा. ७५० मिलीच्या बाटलीत १५० मिलीचे ५ ग्लास. ३५ जण वाइन घेणार, प्रत्येकी दोन, म्हणजे ७० ग्लास, १४ बाटल्या. वर दोन जास्तीच्या. शेनिन ब्लाँ ही पांढरी वाइन घ्या, जरा गोडसर असते, पहिल्यांदा चाखणाऱ्या काकू-मावश्यांनाही रुचते. स्क्रू कॅपच्याच घ्या, बूच काढत बसायला तिथे कुणाला वेळ नसतो. बिअरवाले ३० धरले तर ६० पाइंट (छोट्या बाटल्या), २४ ची पेटी, तीन पेट्या पुरे. फेब्रुवारीत रात्री गारवा असतो, बिअर कमीच उठते.
आमच्याकडे तेव्हा काढणी चालू असते, नाहीतर स्वतः आले असते मदतीला.

सिडकोकर
काढणी कधी सुरू यंदा? पावसाने छाटणी लांबली म्हणे.

द्राक्षवाली, दिंडोरी
लांबलीच दादा. ऑक्टोबरभर नुसती डावणी रोगाची फवारणी. बघू आता.

शरणपूर रोड
आमच्या ख्रिस्ती घरांत रिसेप्शनला टोस्ट (नवरा-नवरीसाठी ग्लास उंचावणं) असतोच, त्यामुळे हे कधी लपूनछपून झालं नाही. आजी घरच्या द्राक्षांची वाइन करायची, छोट्या ग्लासात घोटभर सगळ्यांना. माझ्या लग्नात टोस्टपुरतीच वाइन होती, तीही ट्रेमधून फिरवली, काउंटर नाहीच. ट्रे फिरला की माणूस एक उचलतो आणि गप्पांत रमतो. काउंटर असला की तिथेच अड्डा जमतो. पैसे कमी असतील तर ट्रेच बरा.

रात्रपाळी
घाईत लिहितोय, बस आली. कॉर्केज विचारा!! आमच्या हॉटेलवाल्याने बाटली आमची असूनही प्रत्येक बाटलीमागे पैसे लावले, बिलात दिसलं तेव्हा कळलं. बुकिंगच्या वेळीच लिहून घ्या. आणि दुकानदाराशी बोली करा की सील न फोडलेल्या बाटल्या परत घेईल. बरेच जण घेतात

पेठरोडचा भाऊ
दमणवरून आणा की. निम्म्यात काम.

सिडकोकर
भाऊ, नको. तिकडची दारू महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे, इथलं शुल्क भरलेलं नसतं. नाक्यावर गाडीसकट जप्त होते. माझ्या ओळखीतल्या एकाची गाडी कित्येक महिने सुटली नव्हती.

पेठरोडचा भाऊ
बरं बाबा. आम्ही आपलं मट्ठा पिऊ.

आडगावची सून
मट्ठ्यावरून आठवलं, कोणी चांगला आचारी सांगाल का? मे मधलं लग्न आहे, ५०० पान. वांग्याची भाजी जमायला हवी फक्त, बाकी सांभाळून घेऊ.

देवळाली कॅम्प
वयाचं लिहा कोणीतरी. कडक दारूला २५ पूर्ण लागतात, वाइन आणि माइल्ड बिअरला २१. कॉलेजची भावंडं काउंटरवर घुटमळतात, म्हणून तिथे वाढप्यांच्या जोडीला घरातलं एक खमकं माणूस उभं करा. आमच्याकडे मोठे मामा होते, निवृत्त सुभेदार. त्यांच्या नजरेसमोर कोणाची टाप नव्हती. पेग मेजर आणि पेटीची किल्ली त्यांच्याच खिशात, त्यामुळे बाटल्या वाढप्यांबरोबर चालत्या झाल्या नाहीत. पिणाऱ्याचा वैयक्तिक परवाना वेगळा, एक दिवसाचा ५ रुपयांत मिळतो.

नाव_नको
माझं मत वेगळं आहे, रागावू नका. वडील दारूने गेले. भावाच्या हळदीला बाटल्या दिसल्या आणि मी आत जाऊन बसले. आई पण. आमच्यासारखं एखादं घर प्रत्येक लग्नात असतं. काउंटर ठेवाल तर मांडवाच्या एका बाजूला ठेवा, जेवणाच्या रांगेजवळ नको. एवढीच विनंती.

मखमलाबादची मावशी
तुझं बरोबर आहे गं. भाचीला हे सर्वात आधी सांगते. काउंटर मागच्या हिरवळीवर, आणि पुढे द्राक्षाचा रस आणि कोकम.

शरणपूर रोड
@नाव_नको, 🙏 मनापासून.

रात्रपाळी
चखण्याचं कोणी बोललंच नाही! पोटात काही असलं की माणूस ताळ्यावर राहतो. आम्ही कोंडाजीचा चिवडा, खारे दाणे आणि मसाला पापड सुरुवातीलाच फिरवले, पहिला ग्लास मागून. आणि रात्री साडेदहानंतर काउंटर बंद, आधीच सांगून ठेवलेलं.
परतीला दोन तवेरा सांगितल्या होत्या, एक सातपूर-अंबडकडे, एक नाशिकरोडला. व्हिस्की ठेवली नाही त्यातून वाचलेले पैसे गाड्यांना दिले. एकालाही स्वतः गाडी चालवू दिली नाही.

देवळाली कॅम्प
हे फार महत्त्वाचं लिहिलंत. त्र्यंबक रोडला रात्री काय वेगाने गाड्या असतात.

द्राक्षवाली, दिंडोरी
मावशी अजून एक. तारीख पक्की करताना निवडणुकीचं बघा. मतदान संपायच्या आधीचे ४८ तास ड्राय असतात, म्हणजे दारूविक्री बंद. आमच्या चुलतभावाचं रिसेप्शन नेमकं त्यात आलं, आणलेल्या पेट्या तशाच परत. आणि बर्फाची लादी दुपारीच सांगून ठेवा, संध्याकाळी नुसता चुरा मिळतो.

आडगावची सून
आचाऱ्याचं कोणी सांगितलं नाही अजून 😔

सिडकोकर
ताई, म्हसरूळला एक आहेत, वांगं अफलातून. नंबर विचारून व्यनि (खासगी निरोप) करतो.

मखमलाबादची मावशी
मलाही पाठवा तो नंबर. आमचाही आचारी ठरायचाय.